ओल्या मैदानाचा अंदाज

रविवारी दुपारी वन्संनी सगळ्यांना गोदामात बोलावलं. घरात नको म्हणाल्या. घरात बसलं की कुणीतरी गॅस बघायला उठतं आणि भांडण अर्धवट राहतं, असा त्यांचा अनुभव. छत्तीस वर्षं त्यांनी टेलिफोनच्या कचेरीत लोकांच्या लाइनी जोडल्या होत्या. निवृत्त झाल्यावर तोच उद्योग त्या भावांच्या घरी येऊन करत.

गोदामात सहाशे खुर्च्या होत्या, वीस-वीसच्या थप्प्यांत रचलेल्या, आणि तरी धाकटा उभाच होता.

"दादा, सलूनमध्ये काय बोललास तू?"

थोरला ताडपत्रीच्या गुंडाळीवर बसला होता. "विचारलं त्यांनी. दर निवडणुकीला विचारतात."

"आणि तू सांगितलंस, मी पडणार."

"पडणार असं नाही म्हटलं. डॉक्टरांचं पारडं जड दिसतंय, एवढंच म्हटलं."

"सलूनमध्ये जड म्हटलं की चौकात पोचेपर्यंत त्याचा डोंगर होतो!" धाकट्यानं शेजारच्या थप्पीवर हात आपटला. थप्पी डुलली. थोरलीनं पुढे होऊन ती सावरली. लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा दीर बारा वर्षांचा होता आणि तेव्हाही तो असाच थप्प्यांवर हात आपटायचा. एकतीस वर्षं ती त्या सावरत आली होती.

"काल संध्याकाळी टेलर भेटला," धाकटा म्हणाला. "माझ्यासाठी महिनाभर पत्रकं वाटत होता तो. नजर चुकवून म्हणतो कसा, 'वाईट वाटून घेऊ नका, पण घरच्याच माणसानं सांगितलंय म्हणजे काहीतरी असेल. मत वाया कशाला घालवायचं?' बुधवारी मतदान आहे, दादा! तीन दिवसांवर! आणि माझाच माणूस मला मत वाया जाईल म्हणून सांगतोय."

"मग चूक टेलरची."

"टेलरची?" आता धाकटी बोलली. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होती. रविवारचा एक दिवस सुटीचा, तोही असा चाललेला. "माझ्या कारखान्यातल्या चाळीस बायका यांना मत देणार होत्या. काल जेवणाच्या सुटीत एकेक जण माझ्याजवळ येऊन हळहळून गेली. माणूस मेल्यासारखी!"

आता हे सगळं बाहेरच्याला विचित्र वाटेल, पण त्या वॉर्डात कुणालाच वाटत नसे. खुर्च्या, मंडप आणि भोंगे भाड्यानं देणारं हे घर. सभा कोणत्याही पक्षाची असो, खुर्ची यांचीच. त्यामुळे कुणाच्या सभेला किती माणूस आलं, हे यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसायचं. थोरल्याच्या वडिलांनी कधीतरी सलूनमध्ये दाढी करताना सहज सांगितलं, अमुक निवडून येणार, आणि तो आला. पुढच्या खेपेलाही आला. तेव्हापासून निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात लोक विचारायला येऊ लागले. 'खुर्चीवाल्यांचा अंदाज काय?' तो आजवर एकदाच चुकला होता. आणि अंदाज कळला की बरेचसे लोक जिंकणाऱ्याच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. त्यामुळे अंदाज खरा ठरायचा म्हणून लोक ऐकायचे, की लोक ऐकायचे म्हणून तो खरा ठरायचा, हे कोडं कुणी सोडवायला बसलं नव्हतं.

पण यंदा उमेदवार घरातलाच होता, आणि समोर दहा वर्षं नगरसेवक असलेले डॉक्टर. आणि अंदाज त्याच्या विरुद्ध गेला होता.

"माझं ऐका," वन्सं म्हणाल्या. "जे झालं ते झालं. थोरल्या, तू उद्या सकाळी सलूनमध्ये जायचंस आणि म्हणायचंस, काल माझा हिशेब चुकला, धाकटा येतोय. संपलं."

"अक्का, बापाची जीभ आहे ती. तिनं खोटं कसं बोलू?"

"बापाची जीभ भावाच्या गळ्यावरून फिरवायला चालते, दादा?" धाकटीनं विचारलं.

थोरल्यानं एकवार थोरलीकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. ते धाकटीच्या नजरेतून सुटलं नाही.

"तिकडे काय बघता? आणि जाऊबाई, तुम्ही का गप्प?"

धाकटी एरवी तिला 'ताई' म्हणे. 'जाऊबाई' आलं की समजायचं, पाणी डोक्यावरून गेलंय.

थोरलीनं हात पदराला पुसले. हात कोरडेच होते. "कारण अंदाज यांचा नाही," ती म्हणाली. "माझा आहे."

"अगं!" थोरला म्हणाला.

"असू दे हो. किती दिवस झाकणार?"

वन्संनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"म्हणजे मामंजी गेल्यापासूनच्या तिन्ही निवडणुका मी सांगितल्या. हे फक्त सलूनपर्यंत पोचवतात."

मग तिनं समजावून सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज आपोआप सासऱ्यांसारखा सावकाश झाला. सभेहून परत आलेल्या खुर्च्या तीच धुवायची, अगदी पहिल्या वर्षापासून. एकदा सासरे शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, 'पोरी, टाळ्यांवर जाऊ नकोस. टाळी फुकट असते. खुर्चीचे पाय बघ.' शाळेच्या मैदानात सभा व्हायच्या. जमीन भुसभुशीत. माणूस पाच मिनिटं टेकून उठला तर खुर्चीच्या पायाला नुसती धूळ लागते. शेवटपर्यंत बसला तर त्याच्या भारानं पाय रुततात आणि बोटभर माती चढते. जो रुतून बसला तो ऐकायला आला होता. ज्याच्या खुर्चीला धूळ लागली तो चहा प्यायला. धुताना बोटभर मातीच्या खुर्च्या तेवढ्या मोजायच्या.

"गेल्या बुधवारी डॉक्टरांची सभा झाली, शुक्रवारी भावजींची," ती म्हणाली. "दोन्हीकडे तीनशे खुर्च्या. डॉक्टरांच्या दोनशे चाळीस मातीच्या निघाल्या. भावजींच्या नव्वद."

"नव्वद?" धाकट्याचा आवाज खाली आला. "वहिनी, माणूस भरला होता गं. मी स्टेजवरून बघत होतो."

"आला होता हो माणूस. बसला नाही, असं खुर्च्या म्हणतात."

"खुर्च्या म्हणतात!" धाकटी फणकारली. "आणि जाऊबाईंनी ऐकलं! घरातला माणूस उभा आहे निवडणुकीला. नव्वदचे दोनशे नव्वद करायला काय पैसे पडत होते?"

"तुला दोनशे नव्वद सांगितले असते तर तू खूश झाली असतीस. पण मग तो अंदाज कसला?"

भांडण असं अडलं की या घरात एकच माणूस बोलायचं. धाकट्याची मुलगी अठरा वर्षांची होती, यंदा पहिल्यांदा मतदार झाली होती, आणि लहानपणापासून घड्याळासारखी अखंड चालू असायची म्हणून तिला सगळे टिकटिक म्हणायचे. ती भोंग्याच्या खोक्यावर पाय हलवत बसली होती.

"पण काकू," ती म्हणाली, "डॉक्टरांच्या सभेत चिखल होता की. माझे बूट पार भरले. सभेच्या आधी टँकर आला होता पाणी मारायला. लोकांच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून. बाबांच्या सभेला मैदान वाळून खडखडीत."

गोदामात सुई पडली असती तर ऐकू आली असती. पण सुईआधी धाकटा पडायच्या बेतात होता.

"तू गेली होतीस? डॉक्टरांच्या सभेला?"

टिकटिक पाय हलवायची थांबली.

"माझी मुलगी!" धाकटा म्हणाला. "मी दारोदार फिरतोय, चपला झिजवतोय, आणि माझी मुलगी समोरच्याच्या सभेत पहिल्या रांगेत!"

"पहिल्या नाही, सातव्या. आणि बाबा, तुम्ही चप्पल घेताना चार दुकानं हिंडवता मला. पहिल्यांदा मत देणार तर दोघांचं ऐकायला नको?"

"घरात उमेदवार असताना दुकानं हिंडायची नसतात!" धाकटी ओरडली.

"का?"

धाकट्यानं एक खुर्ची ओढली आणि शेवटी एकदाचा बसला. मग त्याला राहवेना.

"काय बोलले डॉक्टर?"

"दवाखाना संध्याकाळी दोन तास जास्त उघडा ठेवणार म्हणाले. आणि तुमच्याबद्दल एक वाईट शब्द नाही. उलट म्हणाले, मेहनती माणूस आहे."

"हेच वाईट! शिव्या दिल्या असत्या तर चार मतं मिळाली असती."

वन्संना हसू फुटलं. पण थोरली हसली नाही. ती टँकरपाशीच अडकली होती. बुधवारी थोरला बँकेच्या वार्षिक सभेचा मंडप घालायला गेला होता. मैदानावर फक्त दोन गडी होते, आणि त्यांना कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. खुर्च्या धुताना त्या दिवशी माती चिकट लागली होती, ब्रश दोनदा फिरवावा लागला होता. तिला वाटलं, लोक फार वेळ बसले. माती किती वर चढली ते तिनं पाहिलं. माती ओली होती की कोरडी, हे पाहिलंच नाही. ओल्या जमिनीत पाच मिनिटं टेकलेला माणूसही रुततो. चिखल वाळून घट्ट झालेल्या जमिनीत तास काढलेलाही रुतत नाही.

"चुकलं," ती म्हणाली. "माझं चुकलं. तो अंदाज अंदाजच नव्हे."

धाकटा उडालाच. "म्हणजे मी येतोय!"

"म्हणजे माहीत नाही, भावजी."

"अगं वहिनी, नव्वद जण खडखडीत जमिनीत रुतले, म्हणजे बाकीचेही शेवटपर्यंत बसले असणार!"

"असतील. किंवा नसतील. मोजता येत नाही आता."

मग मात्र पारडी भराभर फिरली. इतका वेळ बापाच्या जिभेला जपणारा थोरला एकदम उठला. त्याचा चेहरा पडला होता. भावाचं नुकसान आपल्या चुकीमुळे झालं, हे त्याला सोसेना. "मी जातो उद्या," तो म्हणाला. "सांगतो, धाकटा येतोय. चूक आपली, भरपाई आपण करायची."

"हे बरोबर," धाकटी म्हणाली.

"नाही," थोरली म्हणाली.

आणि गंमत म्हणजे ज्या वन्संनी हा उपाय सुचवला होता त्याच आता मागे सरल्या. "थांब रे. मघाशी मला वाटलं, तुझा अंदाज आणि तुझी जीभ, तू वाकव हवी तशी. पण ही बाई पंधरा वर्षं मोजून सांगतेय. कचेरीत मला एक शिकवलं होतं. लाइन लागत नसेल तर सांगायचं, लागत नाही. भलत्याशी जोडून द्यायची नाही."

"लाइन तोडलीत तुम्ही आधीच!" धाकटीचे डोळे भरले. "यांनी वर्षभर रजा न घेता लोकांची कामं केली. आणि पडले तर कशामुळे, तर खुर्चीच्या पायाला चिखल लागला म्हणून! ताई, खोटं नका बोलू. पण नुसतं 'येतोय' म्हणायला काय जातं?"

'ताई' ऐकल्यावर थोरलीला हो म्हणणं फार सोपं होतं.

"पहिलं बोलले तेव्हा मला खरं वाटत होतं गं," ती म्हणाली. "चूक झाली, पण ती चूक होती. आता बोलले तर लबाडी होईल. उद्या मी जाते सलूनमध्ये. जे झालं तेच सांगेन."

"बाई माणूस सलूनमध्ये?" थोरला म्हणाला.

"दारात उभी राहीन. दाढी करायला नाही जायची."

सोमवारी सकाळी नऊला ती सलूनच्या दारात उभी राहिली. आत आरशासमोर टेलर फेस लावून बसला होता. बाकावर बसचा एक कंडक्टर आणि निवृत्त पोस्टमन पेपरची पानं वाटून घेऊन वाचत होते. सलूनवाल्यानं तिला पाहून वस्तरा थांबवला.

"वहिनी? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. एक सांगायला आले. आमच्या घरातून तुम्हाला जो अंदाज आला, तो चुकीचा होता. डॉक्टरांच्या सभेआधी मैदानात पाणी मारलं होतं, त्यामुळे आमचं मोजमाप फसलं. तो अंदाज धरू नका."

"मग खरा अंदाज काय?" पोस्टमननं विचारलं.

"खरा नाहीच. माहीत नाही."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. टेलरच्या गालावरचा फेस सुकायला लागला.

"असं कसं?" तो म्हणाला. "परवा मतदान, आणि तुम्ही म्हणता माहीत नाही. मग मत कुणाला द्यायचं?"

"मला काय विचारता? महिनाभर पत्रकं तुम्ही वाटलीत."

"ते वाटली. पण आमची जुळी मुलं डॉक्टरांच्या हातची आहेत. म्हणजे एकीकडे उपकार, एकीकडे शेजार. दोन्हीकडून कान धरलेला. अशा वेळी जिंकणारा कोण ते कळलं की बरं असतं. माणूस सुटतो."

"आमच्या युनियननं सांगितलंय डॉक्टर," कंडक्टर पेपरमागून म्हणाला. "बायको म्हणते तिचा भाऊ सांगेल ते. मी आपला तुमच्या अंदाजावर होतो."

"माझं साधं असतं," पोस्टमन म्हणाला. "हरणाऱ्याला मत दिलं की आपणच हरल्यासारखं वाटतं. या वयात कशाला? म्हणून आधी विचारून घेतो."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. एवढी वर्षं तिला वाटत होतं, आपण फक्त हवा कुठे वाहते ते सांगतो. आणि इथे मोठी मोठी माणसं पाठ फिरवून, वारा कुठून येईल त्याची वाट बघत उभी होती.

"पण हे मोजमाप कुणाचं?" सलूनवाल्यानं विचारलं. "खुर्चीवाले स्वतः का नाही आले?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात मागून सायकल टेकवल्याचा आवाज आला. थोरला होता. धापा टाकत तो दारात येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

"आलोय," तो म्हणाला. "ही म्हणते ते खरं. आणि ऐकाच आता. पंधरा वर्षं अंदाज हिचाच. डोळे हिचे, तोंड फक्त माझं."

"अरेच्चा!" टेलर म्हणाला. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं बाईच्या सांगण्यावरून मत देत होतो?"

"घरी नाही देत का?" सलूनवाल्यानं विचारलं आणि त्याचा गाल धरून वस्तरा लावला. टेलरला बोलता येईना. बाकावरचे दोघे मात्र खो-खो हसले.

परतताना थोरला सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालला. चौक आल्यावर म्हणाला, "आता कुणी विचारायला यायचं नाही आपल्याकडे."

"वाईट वाटतंय?"

"थोडं. दाढी फुकट व्हायची."

बुधवारी मतदान. शाळेच्या चार खोल्यांत चार केंद्रं. रांग गेटाबाहेर गेली होती. एरवी अकरापर्यंत रिकामं असायचं. कोण येणार हे ठाऊक असलं की कशाला उन्हात उभं राहायचं, असा लोकांचा विचार. यंदा कुणालाच ठाऊक नव्हतं. रांगेत टेलर होता, बायकोशी कुजबुजत होता, आणि ती मानेनं नाही-नाही म्हणत होती.

थोरली पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. समोर कागद, हातात शिक्का. कागदावर दोन नावं.

आणि तिथे तिच्या लक्षात आलं की आपल्याला मत द्यायची सवयच नाही. एकतीस वर्षं ती शिक्का मारत आली होती, पण तो अंदाजावर. सासरे म्हणायचे, जिंकणाऱ्याच्या बाजूला राहिलं की विजयाची सभा आपली. घर तसंच करायचं. तिनं लोकांच्या खुर्च्यांचे पाय मोजले, स्वतः कुठे बसायचंय हे कधी पाहिलं नाही.

डॉक्टर. तिचा मुलगा जन्मला तेव्हा निळा पडला होता, आणि या माणसानं बारा मिनिटं त्याच्या तोंडात श्वास फुंकला होता. तो मुलगा आज बोटीवर इंजिनात नोकरी करतो. ती बारा मिनिटं ती मरेपर्यंत विसरणार नव्हती. पण ते झालं डॉक्टर म्हणून. नगरसेवक म्हणून दहा वर्षांत खालच्या गल्लीतल्या नाल्यावर पूल झाला नव्हता. पोरं अजून फळीवरून शाळेत जात होती. डॉक्टरांनी दोनदा कबूल केलं होतं आणि दोनदा ते दवाखान्यात अडकले होते. त्यांना रागवायला कुणाची जीभ रेटणार? ज्यानं जीव वाचवला त्याला पूल कसा मागायचा?

आणि भावजी. गेल्या वर्षी त्यानंच मंडपाचे चार पाइप नेऊन त्या फळीला कठडा केला होता. तीन बांधले, चौथा तसाच सोडून दुसऱ्या कामाला पळाला. चौथा तिनं गडी पाठवून बांधून घेतला. तो असाच होता. हाती घेणार, अर्धं टाकणार. पण त्याच्या मागे लागता येत होतं. त्याला दारात उभं करून, 'भावजी, चौथा पाइप?' असं विचारता येत होतं. तिला वाटलं, निवडून द्यायचा तर असा माणूस द्यावा, ज्याला विचारायची आपल्याला लाज वाटणार नाही.

"काकू, झालं का?" टेबलामागचा कारकून म्हणाला. "रांग आहे."

"झालंच," ती म्हणाली, आणि शिक्का धाकट्याच्या नावासमोर मारला. जावेची भीड म्हणून नव्हे. दीर म्हणूनही नव्हे. हे तिनं स्वतःलाच दोनदा विचारून पाहिलं, तेव्हा कागदाची घडी केली.

शुक्रवारी निकाल लागला. धाकटा एकेचाळीस मतांनी पडला.

मोजणीच्या ठिकाणाहून तो घरी आला, हात-पाय धुतले, आणि बाहेरच्या खोलीत थोरल्यासमोर बसला. वन्सं निकालाचा कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होत्या. "आपल्या वॉर्डात इतकं मतदान कधीच झालं नव्हतं रे," त्या म्हणाल्या. टिकटिक कोपऱ्यात नखं खात होती. तिनं कुणाला मत दिलं हे तिला कुणी विचारलं नव्हतं, विचारायचं धैर्य कुणाला नव्हतं.

थोरली स्वयंपाकघरात गेली. पाठोपाठ धाकटी आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"एकेचाळीस," ती म्हणाली. "पाचशे असते तर काही वाटलं नसतं. एकेचाळीस म्हणजे एका गल्लीचं काम. तुमचा तो पहिला अंदाज दोन दिवस गावभर फिरला. एकेचाळीस माणसं फिरायला तेवढं पुरतं."

"पुरतं," थोरली म्हणाली.

"नाही म्हणा ना! भांडा तरी!"

"कशाला खोटं बोलू? फिरली असतील. आणि सोमवारनंतर काही परतही आली असतील. किती गेली, किती आली, हे मला मोजता यायचं नाही. पण माझ्या चुकीनं तुझ्या नवऱ्याचं नुकसान झालं असेल तर ते माझं आहे. ते मी दुसऱ्यावर ढकलणार नाही."

धाकटीनं डोळे पुसले. मग एकदम विचारलं, "तुमचं मत डॉक्टरांना ना? मुलाचं सगळं झालं तेव्हापासून."

थोरलीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तीन शब्दांचं काम. आणि ते खरं होतं. हे सांगितलं की ही आत्ता गळ्यात पडेल, आणि उद्यापासून पुन्हा ताई म्हणेल.

पण तेवढ्यात धाकटीच हात वर करून म्हणाली, "नका सांगू. डॉक्टर म्हणालात तर राग येईल. यांना दिलं म्हणालात तर खोटं वाटेल. त्यापेक्षा राग बरा."

"एवढी वर्षं सगळ्या गावाचं मत मी सांगत आले," थोरली म्हणाली. "माझं एक राहू दे माझ्याकडे."

बाहेर टिकटिकनं वडिलांना काहीतरी विचारलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा धाकट्याचा साधा आवाज ऐकू आला. "तो पूल? पूल तर व्हायलाच हवा. डॉक्टरांना उद्या अर्ज देऊ." थोरल्याचंही काहीतरी बोलणं आलं.

"ऐकलंत?" धाकटी म्हणाली. "अजून हौस फिटली नाही." ती आत आली आणि पाटावर मटकन बसली. "चहा टाका, ताई. माझे हात चालत नाहीत."

थोरलीनं पातेलं चढवलं. पाणी उकळल्यावर साखरेचा डबा उघडून तिनं चमचा भरला आणि थबकली. निकालाच्या दिवशी घरातल्यांच्या तोंडाला चव असेल की नाही, कोण जाणे.

"साखर नेहमीएवढीच घालू ना?"

"घाला की," धाकटी म्हणाली. "हरलोय. आजारी नाही पडलो."